मदत हवी आहे: सोसायटीतल्या फायर होज आणि नोझलची तपासणी कशी करावी? आणि आग लागलीच तर ती धरायची कोणी? (बडोदा)

नमस्कार मंडळी,

आमची सोसायटी बडोद्यात, विश्वामित्रीच्या पट्ट्यात. खाली बेसमेंट, त्यावर पार्किंग आणि वर दहा मजले. निम्मी घरं मराठी, निम्मी गुजराती आणि दोन्हीकडे निवृत्त मंडळीच जास्त. मुलं पुण्याला नाहीतर परदेशी. यंदा सेक्रेटरीचं काम माझ्याकडे आलंय, आणि हा विषय मला खरंच झोपू देत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

२५ मे २०२४ ला राजकोटच्या टीआरपी गेम झोनला आग लागली आणि त्यानंतर गुजरातभर फायर एनओसीची (अग्निसुरक्षेच्या ना-हरकत दाखल्याची) विचारपूस कडक झाली. तेव्हा आमच्याकडेही लाल पेट्यांना रंग लागला, नवे स्टिकर आले. मग ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला पूर आला आणि बेसमेंटमधली पंपरूम बुडाली. मोटर रिवाइंड झाली, पॅनेल बदललं. पण पंपाच्या पुढे जे आहे, म्हणजे उभा पाइप, व्हॉल्व्ह, होज, नोझल, त्याला पुरानंतर कुणी हातही लावलेला दिसत नाही.

वॉचमनभाईंना सोबत घेऊन मी प्रत्येक मजल्याची पेटी उघडली. चौथ्या मजल्यावरच्या नोझलच्या तोंडाशी पांढऱ्या क्षाराची कड धरली आहे, आत बोट फिरवलं की वाळलेला गाळ नखात येतो. त्याच होजच्या फीमेल कपलिंगमधला (होज जिथे जोडतात त्या तोंडातला) रबरी वॉशर चिमटीत दाबला तर उभी चीर पडली. कपलिंगचे दोन कान (लग म्हणतात ना?) ओढले तर एक मागे येतो, दुसरा जाम. सातव्यावर नोझलच नाही. पितळी होतं, कुणीतरी भंगारात घातलं असणार. कंत्राटदार म्हणतो, त्या जागी प्लास्टिकचं देतो, दिसायला तसंच असतं. दुसऱ्या मजल्याची बारीक रबरी नळीची रील गणपतीत पार्किंग धुवायला वापरली होती, तिचा नळ आजही चालूच आहे आणि नळी टम्म फुगलेली.

कंत्राटदाराला बोलावलं तर त्याने पंपरूममधलं गेज दाखवलं: "बघा मॅडम, सात किलो प्रेशर आहे, सगळं ओके." सही मागतोय. मी अजून केलेली नाही.

माझे प्रश्न असे. सात किलो दाखवतं म्हणजे दहाव्या मजल्यावर नोझलमधून पाणी नक्की येणार, असं धरायचं का? प्लास्टिकचं नोझल चालेल का? क्षार आणि गाळ घरच्या घरी काढावा की नवंच घ्यावं? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आमच्याकडे ती मोठी होज धरणार कोण? माझी आई नवव्या मजल्यावर राहते, गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं. तिच्या मजल्यावरचे सर्वात तरुण गृहस्थ एकसष्ट वर्षांचे आहेत. ट्रेनिंग द्यायचं तर काय द्यायचं?

जाणकारांनी कृपया वेळ काढून लिहावं.

– नवव्या मजल्याची लेक

प्रतिसाद: निवृत्त बंबवाला

ताई, सही केली नाहीत हे उत्तम. शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण जीव त्यात आहे.

तुमच्याकडे दोन वेगळी हत्यारं आहेत आणि लोक त्यांना एकच समजतात. एक रील: १९ किंवा २० मिमीची रबरी नळी आणि टोकाला बंद-चालू होणारं साधारण ५ मिमी भोकाचं नोझल. दुसरी ६३ मिमीची कापडी होज, तिला २० मिमीचं नोझल. साडेतीन किलो दाबाला (म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला साडेतीन किलो) रीलमधून मिनिटाला तीसेक लिटर पाणी येतं आणि हाताला मागे ढकलणारा जोर जेमतेम दीड किलोचा. तुमच्या आईसुद्धा ती धरू शकतील. त्याच दाबाला मोठ्या नोझलमधून मिनिटाला पाचशे लिटर जातात आणि धक्का बसतो बावीस किलोच्या आसपास. दाब दुप्पट झाला की धक्काही दुप्पट. सात किलोला पंचेचाळीस. हा जोर एका क्षणाचा नसतो, नोझल उघडं आहे तोवर सतत मागे रेटत राहतो.

आता तुमची इमारत बघा. दर दहा मीटर उंचीला साधारण एक किलो दाब खर्च होतो. दहाव्यावर साडेतीन हवा असेल तर खालच्या मजल्यांवर साडेसहाच्या पुढे असणारच. म्हणजे जिथे वाटतं "खालचा मजला, सोपं आहे", तिथेच होज जास्त उसळते. म्हणून खालच्या लँडिंग व्हॉल्व्हला (मजल्यावर होज जोडायच्या व्हॉल्व्हला) दाब कमी करणारी ऑरिफिस प्लेट बसवतात. तुमच्याकडे आहे का, हे कंत्राटदाराला लेखी विचारा.

माझं स्पष्ट मत: रहिवाशांनी फक्त रील वापरायची. मोठी होज वॉचमन आणि दोन-तीन धडधाकट माणसांना शिकवा, तीही कधीच एकट्याने धरायची नाही. एक नोझलवर, दुसरा त्याच्या मागे होज पेलणारा, तिसरा व्हॉल्व्हवर. आधी होज पूर्ण उलगडायची, पीळ काढायचा, मग कपलिंग "टक्" वाजेपर्यंत आत दाबून एकदा उलटं ओढून बघायचं. नोझलवाल्याने एक पाय पुढे, एक मागे ठेवून, होज काखेत दाबून ओरडायचं "पाणी!", आणि मगच व्हॉल्व्हवाल्याने चक्री अर्धा फेरा फिरवायची. होज भरली की पुढे हळूहळू. बंद करतानाही तसंच, झटक्यात बंद केलं तर आतल्या पाण्याचा दणका पाइपाचे सांधे हलवतो. नोझल हातातून सुटलंच तर त्याच्यामागे धावायचं नाही. ते धातूचं डोकं सापासारखं आपटतं, माणसाचं हाड मोडतं. मागे व्हायचं आणि व्हॉल्व्ह बंद करायचा.

रीलचं सोपं आहे. पेटीतला नळ उघडा, जागेवरच नोझल सोडून पाणी येतंय हे बघा, मग नळी ओढत जा. पाणी न तपासता आगीपर्यंत पोचणं सर्वात वाईट. आणि हे सगळं १०१ किंवा ११२ ला फोन केल्यानंतर, पाठीमागे बाहेर पडायचा रस्ता मोकळा असेल तरच. खोली धुराने भरली असेल तर नोझलचा विचार सोडा, दार ओढून घ्या, वाकून जिन्याने खाली. लिफ्ट नाही. ज्यांना जिना उतरता येत नाही त्यांची नावं मजल्यानुसार वॉचमनच्या केबिनमध्ये लावून ठेवा, बंब आला की आम्ही पहिलं तेच विचारतो.

प्रतिसाद: मकरपुरा मेंटेनन्स

काकांनी माणसांचं सांगितलं, मी सामानाचं सांगतो. कारखान्यात हायड्रंट लाइन सांभाळतो, त्यामुळे हे रोजचं आहे.

गेजचा खेळ आधी. सगळे नळ बंद असताना जो दाब दिसतो तो छोटा जॉकी पंप भरून ठेवतो. त्यातून एवढंच कळतं की लाइन भरलेली आहे. मध्ये एखादा व्हॉल्व्ह अर्धवट बंद असेल, गाळणी गाळाने भरली असेल, तरी सुई सातवरच उभी राहील. खरी परीक्षा चालू पाण्यात. दहाव्या मजल्यावरच्या, पंपापासून सर्वात लांबच्या व्हॉल्व्हला गेज लावा, होज-नोझल जोडून गच्चीवर पाणी सोडा आणि चालू धारेत सुई बघा. साडेतीनच्या खाली गेली तर सही करू नका. त्याच वेळी पॅनेल ऑटोवर ठेवून बघा: दाब पडला की जॉकी, मग मुख्य पंप आपोआप उठला पाहिजे. मग इमारतीची मुख्य वीज बंद करून डिझेल पंप उठतो का तेही. पुरात बुडालेल्या पंपरूममध्ये डिझेलची बॅटरी आणि मोटरचं इन्सुलेशन दोन्ही संशयास्पद धरायचं, त्याची मेगर टेस्ट (इन्सुलेशनची विद्युत तपासणी) झाल्याचा कागद मागा.

पण त्याआधी फ्लशिंग. नाहीतर टेस्टच्या वेळी पाइपातला सगळा गाळ नोझलमध्ये येऊन बसेल. आधी खालची टाकी रिकामी करून गाळ काढा, पंपाची गाळणी धुवा. मग प्रत्येक मजल्यावर होज नोझलशिवाय जोडून तिचं तोंड ड्रेनमध्ये पक्कं बांधा आणि व्हॉल्व्ह थोडा उघडून पाणी स्वच्छ येईपर्यंत सोडा. रीलचं नोझल काढून बादलीत पाणी घ्या, तळाला काय बसतंय ते दिसेल. पाच मिमीच्या भोकाला गाळाचा एक खडा पुरतो.

चौथ्या मजल्याचं नोझल टाकू नका. कोमट पाण्यात थोडं व्हिनेगर घालून थोडा वेळ बुडवा, मऊ कापड गुंडाळलेल्या लाकडी काडीने आतून पुसा, भरपूर पाण्याने धुवा. तार, स्क्रूड्रायव्हर, पॉलिश पेपर आत घालायचा नाही. तोंडाच्या आतल्या कडेला ओरखडा पडला की धार तिथूनच फाटते आणि पाणी लांब जात नाही. नोझल ॲल्युमिनियमचं असेल तर आंबट काही नकोच, नुसतं गरम पाणी आणि ब्रश. वॉशर सगळ्या होजचे एकदम बदला, किरकोळ खर्च आहे. जाम झालेला लग म्हणजे आतली स्प्रिंग गंजली आहे, तीही बदलते. कपलिंगवर मशीन ऑइल किंवा साधं ग्रीस चोपडू नका, रबर फुगतं. लागलंच तर सिलिकॉन ग्रीस.

प्लास्टिक: रीलच्या बारीक नोझलला ठीक, मार्क असेल तर. ६३ मिमीच्या होजवर मी कधीच लावणार नाही. गनमेटल (पितळेसारखा तांब्याचा मिश्रधातू) चोरीला जातं ही सगळीकडची तक्रार आहे, म्हणून स्टेनलेसचं आयएसआय मार्कचं घ्या, भंगारात त्याला तेवढा भाव नाही. ऑर्डरमध्ये स्पष्ट लिहा: नोझल, ब्रँच पाइप (नोझल ज्या नळीच्या टोकाला बसतं ती), कपलिंग आयएस ९०३, आरआरएल होज (आतून रबराचं अस्तर असलेली कापडी होज) आयएस ६३६, लँडिंग व्हॉल्व्ह आयएस ५२९०, रील आयएस ८८४. बसवण्याची पद्धत आयएस ३८४४ प्रमाणे. माल आला की खुणा स्वतः बघा, नुसता बिलावरचा उल्लेख पुरत नाही.

दुसऱ्या मजल्याची फुगलेली रील आजच्या आज: नळ बंद, नोझल उघडून दाब सोडा. सतत दाबाखाली राहिलेली रबरी नळी बडोद्याच्या मे महिन्यात कधीतरी फाटतेच. आणि पार्किंग धुवायला वेगळा नळ काढून द्या. आगीसाठी राखलेलं पाणी आहे ते.

कापडी होज ओली गुंडाळू नका. पाणी काढून सावलीत वाळवा, आणि दर वेळी घडी वेगळ्या जागी पाडा, घडीवरच आतलं रबर चिरतं.

प्रतिसाद: नवव्या मजल्याची लेक

दोघांचेही मनापासून आभार. रील बंद करून आले. नळ सोडला तसं आधी तपकिरी पाणी आलं.

अजून दोन गोष्टी. महिला मंडळात विषय काढला तर बहुतेकींना स्वयंपाकघराचीच धास्ती आहे, कढईतलं तेल पेटलं तर रील ओढायची का? आणि पार्किंगमध्ये आता इलेक्ट्रिक स्कूटर चार्ज होतात, तिथे पाणी मारावं का? शिवाय कमिटीतले एक काका म्हणतात, चोरी टाळायला सगळी नोझलं वॉचमनच्या केबिनमध्ये कुलपात ठेवू.

प्रतिसाद: निवृत्त बंबवाला

कढईवर पाणी अजिबात नाही, रीलचंही नाही, पेलाभरसुद्धा नाही. पाणी तेलाखाली जातं, तिथे क्षणात वाफ होऊन दीड हजार पटीहून जास्त फुगतं आणि पेटलेलं तेल छतापर्यंत उडवतं. गॅस बंद, कढईवर घट्ट झाकण किंवा मोठं ताट सरकवत ठेवा, आणि गार होईपर्यंत उघडून बघू नका. सिलिंडरच्या तोंडाशी ज्योत जळत असेल आणि रेग्युलेटर बंद करता येत नसेल तर ती ज्योत विझवायच्या मागे लागू नका. विझवली तर गॅस नुसता पसरत राहतो आणि मग भडका उडतो. घर रिकामं करा. आम्ही आल्यावर सिलिंडरवर फवारा मारून तो थंड ठेवतो.

विजेचं: आधी मेन स्विच, मगच पाणी. मीटर बोर्ड, लिफ्टचं पॅनेल, ट्रान्सफॉर्मर यांवर रहिवाशांनी धार सोडायचीच नाही, वीज कंपनीला आणि आम्हाला कळवा. स्कूटरच्या लिथियम बॅटरीला थंड करायला पाणी लागतं, पण खूप आणि बराच वेळ लागतं, आणि धूर विषारी असतो. चार्जिंगची लाइन बाहेरून बंद करता येईल असा स्विच बसवून घ्या. आजूबाजूची वाहनं हटवणं जमत असेल तर तेवढंच करा, बॅटरीशी झुंजू नका.

नोझल केबिनमध्ये ठेवणं म्हणजे सातव्या मजल्यावर आग आणि नोझल तळमजल्यावर. तसं करू नका. नोझल पेटीतच, होजच्या शेजारी. पेटीला कुलूप हवंच असेल तर किल्ली काचेमागे, काच फोडता येईल अशी. नोझलवर सोसायटीचं नाव आणि मजला पंच करून घ्या, खोदलेल्या नावाचा माल भंगारवाला सहसा घेत नाही. रात्रपाळीच्या वॉचमनला फेरीत प्रत्येक पेटीत डोकावून वहीत खूण करायला सांगा.

प्रात्यक्षिकासाठी दांडिया बाजारच्या फायर स्टेशनला सोसायटीच्या लेटरहेडवर अर्ज द्या. १४ एप्रिलपासूनच्या अग्निशमन सेवा सप्ताहात मागितलंत तर उत्तमच (१९४४ च्या मुंबई गोदीच्या स्फोटात गेलेल्या आमच्या माणसांच्या स्मरणात तो पाळतात), पण तोवर थांबू नका. त्या दिवशी रील प्रत्येकीच्या हातात द्या, तुमच्या आईच्याही. नुसतं बघून हाताला कळत नाही.

आणि दहाव्या मजल्यावरच्या चालू धारेत गेज किती आलं, ते इथे लिहा.