परदेशातील मराठी मुलांचे दुधाचे दात: दोष खाऊचा, घराचा की व्यवस्थेचा?

रेडिंगकर (मूळ धागा)

इंग्लंडमध्ये पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना रुग्णालयात दाखल करावे लागण्याचे सर्वांत सामान्य कारण दातांची कीड हे आहे. २०२२ च्या राष्ट्रीय पाहणीत पाच वर्षांच्या २३.७ टक्के मुलांच्या दातांत कीड आढळली आणि आशियाई वंशाच्या मुलांमध्ये हे प्रमाण सरासरीपेक्षा बरेच अधिक होते. त्या आशियाई मुलांत आपलीही मुले येतात, म्हणून हा विषय येथे मांडतो आहे.

माझे मत असे की आपल्या घरच्या अन्नात मुळात खोट नाही. खोट आहे ती दिवसभर चालणाऱ्या खाऊत. शनिवारच्या कोणत्याही मराठी शाळेबाहेर उभे राहून पाहावे. दोन वर्षांच्या मुलाच्या हातात राजगिऱ्याची वडी असते, ती संपायच्या आत मनुकांची डबी उघडली जाते आणि गाडीत बसताना रडू नये म्हणून तोंडात ज्यूसची नळी दिली जाते. गोड तोंडात गेले की जिवाणू आम्ल तयार करतात आणि लाळेला ते निवळायला अर्धा-पाऊण तास लागतो. दर वीस मिनिटांनी काही ना काही तोंडात पडत असेल तर लाळेला ती संधीच मिळत नाही. म्हणून तीन जेवणे, दोन ठरलेले खाऊ, मधल्या वेळेत केवळ पाणी आणि रात्री दात घासल्यावर दुधाची बाटली पूर्ण बंद, एवढी शिस्त आईवडिलांनी पाळली तर थालीपीठ, उसळ, दही-भात यांपैकी काहीही सोडण्याची गरज नाही.

हॅरोवासी

आपले विवेचन वाचून पुन्हा एकदा सारा दोष आईबापांच्याच गळ्यात पडला, असे वाटले. या देशात अठरा वर्षांखालील मुलांना एनएचएसची, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेची, दंतसेवा विनामूल्य आहे हे खरे. परंतु नवे रुग्ण घेणारा दवाखाना शोधण्यासाठी किती फोन फिरवावे लागतात, हे ज्यांनी केले त्यांनाच ठाऊक. बाळाच्या आरोग्यनोंदीच्या लाल वहीत पहिल्या वाढदिवसापर्यंत दंतवैद्याला दाखवा असा सल्ला मिळतो, आणि दंतवैद्याच्या दारावर मात्र ‘नवी नोंदणी बंद’ अशी पाटी असते.

स्कॉटलंडचे उदाहरण घ्या. तेथे २००३ मध्ये प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या मुलांपैकी ४५ टक्के मुलांच्या दातांत ठळक कीड नव्हती. २०२२ मध्ये हे प्रमाण ७३ टक्क्यांवर गेले. या काळात तेथील आयांना अचानक शिस्त आली, असे कोणी म्हणणार नाही. तेथे ‘चाइल्डस्माइल’ योजनेतून बालवाड्यांमध्ये रोज सर्व मुलांचे दात घासून घेतले जाऊ लागले. इंग्लंड सरकारला असे काही करण्याची बुद्धी २०२५ मध्ये झाली आणि तीही फक्त गरीब वस्त्यांपुरती.

कंपन्यांचे काय, हा प्रश्नही उरतोच. ‘पब्लिक आय’ या स्विस संस्थेने एप्रिल २०२४ मध्ये दाखवून दिले की भारतात विकल्या जाणाऱ्या सेरेलॅकमध्ये दर वाढणीमागे सरासरी जवळपास ३ ग्रॅम साखर घातलेली होती, तर ब्रिटन आणि जर्मनीतील त्याच प्रकारच्या बाळान्नात घातलेली साखर नव्हती. परदेशात नवखी असलेली आई ओळखीचा डबा म्हणून पुण्याहून बॅगेत काय घेऊन येते, हे आपल्याला माहीत आहे. तिला वेळापत्रक शिकवण्याआधी डब्यावरचे बारीक अक्षर वाचायला शिकवायला हवे.

सातारची_आजी

मी दर वर्षी उन्हाळ्यात सहा महिने मुलाकडे येते, त्यामुळे दोन्ही बाजू पाहिल्या आहेत. नाचणीच्या सत्त्वात मी गुळाचा खडा घातला की सून हळूच वाटी उचलते आणि त्याच मुलाला सुपरमार्केटमधले फळांच्या गराचे पाकीट चोखायला देते, कारण त्यावर ‘साखर घातलेली नाही’ असे छापलेले असते. अर्धा तास ते पोर त्या पाकिटाचे तोंड चघळत बसते. माझा गूळ वाईट आणि ते पाकीट चांगले, हा न्याय मला कोणी समजावून सांगावा. पुरणपोळी, गुळपोळी, तीळवडी एकेक करून बंद केल्यावर मुलाजवळ आपल्या घराचे काय राहणार, हेही जाणत्यांनी सांगावे.

दंतवैद्य_लेस्टर

आजींच्या पहिल्या तक्रारीत पूर्ण तथ्य आहे. सबंध फळातली साखर आणि दळून गर केलेल्या फळातली साखर यांत येथील आहारतज्ज्ञ फरक करतात. गरातील साखर ते वरून घातलेल्या साखरेसारखीच, म्हणजे ‘मुक्त साखर’ म्हणूनच मोजतात, आणि पाकीट चोखत राहिल्याने ती दातांवरून सावकाश फिरत राहते. परंतु, आजी, गूळ आणि मध हेही त्याच हिशेबात येतात. गुळात लोह असते हा युक्तिवाद दाताला कळत नाही. चार ते सहा वर्षांच्या मुलासाठी मुक्त साखरेची येथील मर्यादा दिवसाला १९ ग्रॅम आहे; एका मोठ्या, गुळाच्या चिक्कीत तिचा बराच भाग संपतो. एक वर्षाखालील बाळाला गुटीबरोबर मध चाटवण्याचा प्रश्न तर वेगळाच आहे. विषबाधेच्या धोक्यामुळे मध देऊच नये.

पुरणपोळी मात्र बंद करू नका. ती जेवणाच्या ताटात द्या. १९४० च्या दशकात स्वीडनमधील व्हिपेहोम येथे मतिमंद रुग्णांवर त्यांच्या संमतीचा विचार न करता चिकट मिठायांचे प्रयोग केले गेले. तो वैद्यकाच्या इतिहासातील लाजिरवाणा भाग आहे. त्यातून निघालेला निष्कर्ष मात्र आजही टिकून आहे: जेवणाबरोबर खाल्लेल्या गोडापेक्षा मधल्या वेळी चघळलेले चिकट गोड दातांना अधिक घातक असते. स्वीडनमध्ये मुलांना फक्त शनिवारी गोळ्या-चॉकलेट देण्याची जी पद्धत रुळली, तिचे मूळ याच निष्कर्षात आहे. मनुका, खजुराचे रोल आणि राजगिऱ्याची वडी यांना आपण ‘पौष्टिक’ म्हणून मोकळे सोडतो. माझ्या खुर्चीवर बसणाऱ्या मराठी मुलांच्या दाढांच्या खाचांत बहुतेक वेळा तेच अडकलेले दिसते.

यवतमाळकर

घासण्याविषयी कोणीच बोलत नाही, म्हणून विचारतो. आमच्या जिल्ह्यात फ्लोराइडयुक्त विहिरींचे पाणी पिऊन दात पिवळे-तपकिरी पडलेली आणि हाडे वाकलेली माणसे मी लहानपणापासून पाहिली आहेत. आता बर्मिंगहॅमला आलो, तर येथे १९६४ पासून नळाच्या पाण्यात फ्लोराइड मुद्दाम घातले जाते, असे कळले. मुलीसाठी भारतातूनच बिनफ्लोराइडची टूथपेस्ट मागवतो. यात अडाणीपणा आहे, असे मला वाटत नाही.

दंतवैद्य_लेस्टर

अडाणीपणा मुळीच नाही, परंतु मात्रेचा विचार हवा. बर्मिंगहॅमच्या पाण्यात लिटरमागे सुमारे १ मिलिग्रॅम फ्लोराइड राखले जाते. भारतीय मानकातही १ ही इष्ट आणि १.५ ही कमाल मर्यादा आहे. यवतमाळ-चंद्रपूरकडील बाधित विहिरींत ती मर्यादा कितीतरी ओलांडलेली असते आणि तेच पाणी माणसे जन्मभर पितात. मुलीला निदान १००० पीपीएम (दहा लाख भागांत १००० भाग) फ्लोराइडची पेस्ट द्या: तीन वर्षांपर्यंत ब्रशवर नुसता पुसट थर, पुढे सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी. सात वर्षांची होईपर्यंत घासताना मोठ्यांनी जवळ राहावे. आणि आपली खळखळून चूळ भरण्याची सवय येथे आड येते; फेस थुंकून टाकायचा आणि चूळ भरायची नाही, म्हणजे फ्लोराइड दातांवर टिकते. आजोबांना हे पटवणे सर्वांत अवघड जाते.

रेडिंगकर

हॅरोवासी, व्यवस्थेविषयीचा आपला राग मला मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही. इंग्लंडची नवी योजना ज्या वस्त्यांसाठी आहे, तेथे आपल्यापैकी बहुतेक जण राहत नाहीत. दंतवैद्याची तारीख मिळेपर्यंत रात्रीची बाटली चालू ठेवायची का? ती बंद करायला कोणत्याही नोंदणीची गरज नाही.

हॅरोवासी

आपल्यापैकी बहुतेक म्हणजे कोण? केअर व्हिसावर, म्हणजे वृद्ध-आजाऱ्यांच्या देखभालीच्या कामासाठी, आलेली, रात्रपाळी करणारी, भाड्याच्या एका खोलीत मूल झोपवणारी मराठी आईही ‘आपल्यात’च येते. पातळ भिंतीपलीकडचा शेजारी घरमालकाकडे तक्रार करेल या धास्तीने ती मुलाच्या तोंडात बाटली देते. तिला शिस्तीचे धडे देण्याआधी तिच्या घराकडे पाहा. बाटली सोडवण्याचे पहिले काही दिवस रडारड होणारच, आणि तेवढे दिवस परवडायला जागा लागते.

दंतवैद्य_लेस्टर

अशा आईला मी बाटलीतले दूध रोज थोडे कमी करून त्या जागी पाणी वाढवायला सांगते. रडारड कमी होते आणि काही दिवसांत बाटलीत केवळ पाणी उरते.

सातारची_आजी

गूळ जेवणाच्या ताटातच देईन, मधल्या वेळी देणार नाही. एवढे मी कबूल केले. मात्र ते फळांचे पाकीटही त्याच दिवसापासून बंद व्हायला हवे, आणि हे सुनेला मी सांगणार नाही, डॉक्टरांनीच सांगावे.