मदत हवी आहे: चिपाडाच्या सीलिंग टाइल्स पावसाळ्यात मधे खचतात

नमस्कार मंडळी, बेळगावात उद्यमबागेत आमचं लहान शेड आहे, तिथं गुऱ्हाळातल्या चिपाडापासून आवाज शोषणाऱ्या सीलिंग टाइल्स बनवायलोय. साइज 2 बाय 2 फूट, जाडी 18 मिमी, वजन दीड किलोच्या आसपास. चिपाड भिजवून कुटतो, चाळून आतला मऊ भुसा काढतो (तोच जास्त पाणी धरतो), मग मक्याच्या स्टार्चची खळ आणि आगीसाठी बोरॅक्स-बोरिक ॲसिड घालून जाळीवर ओततो, निथळलं की हलकं दाबून ओव्हनमध्ये सुकवतो.

उन्हाळ्यात एकदम सरळ, आवाजही छान गिळतात. पण खानापूरला एका हॉलमध्ये बसवल्या आणि जुलैच्या झडीत मधोमध 6-7 मिमी खाली आल्या, कडांना काळी बुरशी पण धरली, बघून लई वाईट वाटलं.

खळ वाढवून बघितली, टाइल कडक झाली पण भोकं बुजली आणि हॉल परत घुमायला लागला. जास्त दाबलं तरी तेच, वर वजन वाढलं. मागून ऑइल पेंट मारला तर खचणं कमी झालं, पण कापलेल्या कडेतून दमट हवा शिरतेच. युरिया फॉर्मल्डिहाइड (लाकडी बोर्डात वापरतात तो डिंक, त्यातून त्रासदायक वायू सुटतो) नको, कारण पुढं शाळेच्या वर्गांत बसवायच्यात. हॉट प्रेस (तापवून दाबायचं मशीन) आमच्याकडं नाही.

पीव्हीए (फेव्हिकॉलसारखा पांढरा डिंक) किंवा ॲक्रिलिक इमल्शन (पाण्यात मिसळलेला प्लास्टिकचा चिकट पदार्थ) ओल्या लगद्यातच घातलं तर ते पाण्याबरोबर निथळून न जाता धाग्यावर टिकवायचं कसं, तुरटी चालेल का, आणि सुक्या धाग्याच्या वजनाच्या किती टक्के घालू म्हणजे भोकं उघडी राहतील?