वर्क इन, ॲट, फॉर की ॲज?

प्रश्न: 'मी बँकेत अकाउंटंट आहे' हे इंग्रजीत सांगताना 'इन अ बँक' की 'ॲट अ बँक'? मराठीतला '-त' सगळीकडे चालतो, इथे अडतं.

उत्तर १: दोन्ही चालतात. मात्र कंपनीचं नाव घेतलंत की 'ॲट' किंवा 'फॉर'. पगार कोण देतं हे सांगायचं तर 'फॉर'च. विभागाला, क्षेत्राला 'इन': 'इन सेल्स'. पदाला 'ॲज', आणि पुढे बहुतेकदा 'अ' किंवा 'ॲन' हवं. 'वर्क ॲज टीचर' ही हमखास होणारी चूक, कारण मराठीत आर्टिकलच नाही.

उत्तर २: 'ॲज'च्या जागी 'लाइक' तर मुळीच नको. 'शी वर्क्स लाइक अ नर्स' म्हणजे ती नर्ससारखी राबते. नर्स आहे असं नव्हे!

उत्तर ३: प्रोजेक्टला 'ऑन'. जबाबदारीला 'रिस्पॉन्सिबल फॉर', पण 'इन चार्ज ऑफ'.