मदत हवी आहे : छाप्याच्या दिवशीचा सूर्यास्त कोर्टापुढे कसा आणावा? (एनडीपीएस)

नमस्कार मंडळी. गोंदियाकडच्या एका एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी कायदा) खटल्यात मी आरोपीच्या वकिलांची ज्युनिअर आहे. असे खटले चालवलेल्यांकडून मार्गदर्शन हवं आहे.

गांजा राहत्या घरातून जप्त झालाय. वजन 20 किलोंच्या वर, म्हणजे व्यावसायिक मात्रा आणि किमान 10 वर्षं शिक्षा. जामिनावर कडक अटी घालणारं कलम 37 आड आल्यामुळे जामीन नाही. छापा जूनच्या मध्यावरचा, पंचनाम्यात घरात शिरल्याची वेळ संध्याकाळी 7:05. वॉरंट नव्हतं. कलम 42 प्रमाणे सूर्यास्तानंतर वॉरंटशिवाय शिरायचं तर वॉरंट आणेपर्यंत माल हलवला जाईल असं का वाटलं, ते आधी लिहून ठेवावं लागतं. स्टेशन डायरीत तसली एकही ओळ नाही. पथकात राजपत्रित अधिकारी नव्हता आणि जागा सार्वजनिक नाही, त्यामुळे कलम 42 टाळायच्या त्या दोन्ही पळवाटा सरकार पक्षाला बंद आहेत.

उलटतपासात पीएसआय म्हणाले, "चांगला उजेड होता, सूर्य मावळला नव्हता." सरकारी वकिलांचं म्हणणं असं, की जूनमध्ये सव्वासातला सूर्य मावळतो हे सगळ्यांना ठाऊक आहे, कोर्टाने न्यायिक दखल घ्यावी, पुरावा कशाला हवा?

सव्वासात हे मुंबईला खरं आहे. आमच्या घरच्या दिनदर्शिकेतही मुंबईचीच वेळ छापलेली असते. पण रेखांशाच्या एका अंशाला 4 मिनिटांचा फरक पडतो. मुंबई 73 अंशांच्या अलीकडे, गोंदिया 80 च्या पलीकडे. अक्षांशाचा हिशेब धरूनही आमच्याकडे त्या दिवसांत सूर्यास्त साधारण 6:52 ला होतो. त्यानंतर बराच वेळ दिसतो तो संधिप्रकाश, आणि कलम 42 ला उजेडाशी नाही, सूर्यास्ताशी कर्तव्य आहे. मुंबईची वेळ 'सर्वांना माहीत' म्हणून इथे लागू झाली आणि त्यावर एखादा माणूस दहा वर्षं आत गेला, तर तो उघड अन्याय होईल.

छापा 1 जुलै 2024 नंतरचा असल्याने भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. न्यायिक दखल कशाची घ्यायची ते कलम 51 आणि 52 मध्ये आहे, म्हणजे जुन्या पुरावा कायद्यातली 56 आणि 57. कालविभाग आणि जगाचे भौगोलिक विभाग त्या यादीत आहेत, पण अमुक गावचा सूर्यास्त असं काही नाही. शास्त्रीय बाबींसाठी कोर्ट संदर्भग्रंथ पाहू शकतं, आणि दखल घ्या म्हणणाऱ्याने ग्रंथ किंवा दस्तऐवज दिला नाही तर नकारही देऊ शकतं. म्हणून नुसतं तोंडी सांगण्यावर मी विसंबणार नाही.

कोलकात्याच्या पोझिशनल ॲस्ट्रॉनॉमी सेंटरचं राष्ट्रीय पंचांग अर्जासोबत दिलं तर पुरे होईल का, की हवामान खात्याचा साक्षीदार बोलवावा लागेल? तालुक्याची वेळ छापील नसेल, तर रेखांशावरून काढलेला हिशेब कोर्ट मान्य करतं का? की हिशेब म्हटला की तज्ज्ञ लागतोच?

दुसरं म्हणजे, अर्ज बचावाच्या पुराव्याच्या टप्प्यावर द्यावा असं मला वाटतं, म्हणजे सरकार पक्षाला उत्तर द्यायची संधी मिळेल आणि अपिलात कुणी बोट ठेवणार नाही. सरांचं मत मात्र अंतिम युक्तिवादापर्यंत थांबावं असं आहे, नाहीतर पीएसआयना परत बोलावून घड्याळ 'दुरुस्त' केलं जाईल. सर्वोच्च न्यायालयाचा कर्नैल सिंग विरुद्ध हरियाणा (2009) हा निकाल आमच्याकडे आहे. कलम 42 चं पालन अजिबातच झालं नसेल तर ते चालत नाही, हे त्यात स्पष्ट आहे. सूर्यास्ताच्या वेळेवरच वाद झालेला उच्च न्यायालयाचा एखादा निकाल कुणाकडे असेल तर कृपया द्या. पुढची तारीख जवळ आली आहे.