प्रीसीझनमध्ये लाइनमन कसा जोखायचा?

नोव्हीची_आई:

आम्ही मिशिगनमध्ये, नोव्हीला राहतो. मुलगा यंदा हायस्कूलच्या अमेरिकन फुटबॉलच्या जेव्ही (मुख्य टीमच्या खालच्या) टीममध्ये उजवा गार्ड खेळतोय, म्हणजे मधल्या सेंटरच्या शेजारी उभा राहून समोरच्यांना अडवणारा लाइनमन, त्यामुळे ऑगस्ट लागला की घरात दुसरा विषय नसतो. डेट्रॉइट लायन्सचे प्रीसीझनचे, म्हणजे खरा सीझन सुरू होण्याआधीचे, सामने आम्ही दोघं मिळून बघतो. मी क्रिकेट बघत वाढलेली, त्यामुळे नजर आपोआप चेंडूमागे जाते. स्नॅप झाला, म्हणजे सेंटरने चेंडू मागे दिला, की तो फेकणारा क्वार्टरबॅक, तिथून झेलणारा रिसीव्हर, आणि तोवर प्ले संपलेला असतो. मुलगा मात्र ओरडतो, "आई, गार्डने काय पकडलं बघ त्याला!" मला तिथे फक्त पाच धिप्पाड माणसं चार धिप्पाड माणसांना ढकलताना दिसतात.

मला हे मनापासून समजून घ्यायचंय. त्याच्या शाळेत सध्या पहिले पाच कोण हे ठरतंय. तो घरी येऊन सांगतो की आज पाय नीट पडत नव्हते, किंवा आज हात उशिरा जात होते. तेव्हा त्याच्याशी दोन शब्द समजून बोलता यावेत असं फार वाटतं.

विचारायचं ते असं. प्रीसीझनला मुख्य खेळाडू फारसे खेळतच नाहीत. मग त्यातून लाइनमनबद्दल काही खरं कळतं का? आणि कळत असेल तर टीव्हीवर नेमकं कुठे बघायचं? समालोचकांना लाइनची आठवण होते ती होल्डिंगचा (समोरच्याला धरून ठेवल्याच्या फाउलचा) पिवळा फडका पडल्यावरच.

हनोलुलू_निळा:

आधी एक सांगतो, स्कोअर अजिबात मनावर घेऊ नका. २००८ साली आपले लायन्स प्रीसीझनचे चारही सामने जिंकले आणि खऱ्या सीझनमध्ये ०-१६ झाले. २०१७ मध्ये क्लीव्हलंड ब्राउन्सचं तंतोतंत तेच झालं, चारात चार आणि मग सोळात शून्य. बाल्टिमोर रेव्हन्स प्रीसीझनचे सलग २४ सामने जिंकले, ती मालिका २०२३ मध्ये वॉशिंग्टनने तोडली. त्या अख्ख्या काळात त्यांच्या वाट्याला एकही सुपर बोल (अंतिम विजेतेपद) आला नाही.

एकेकट्या खेळाडूचंही तसंच. २०२१ च्या ऑगस्टमध्ये सिनसिनाटीचा जामार चेस हातात आलेले पास सोडत होता. लोकांनी त्याला मोडीतच काढलं होतं. त्याच सीझनमध्ये त्याने १,४५५ यार्ड काढले आणि सर्वोत्तम नवोदित ठरला.

लाइनबद्दल मात्र तालमीतला_गडी यांनी लिहावं. ते बघतील हा धागा.

तालमीतला_गडी:

बघितला. ताई, स्कोअरबद्दल वर लिहिलंय ते अगदी खरं आहे. पण त्यावरून प्रीसीझन बघण्यात अर्थ नाही असं कुणी समजू नये. लाइनसाठी ऑगस्टइतका खरा महिना दुसरा नाही. वसंतातल्या सरावात अंगावर पॅड नसतात, धडक द्यायला बंदी असते. चड्डी-टीशर्टवर रिसीव्हरचा वेग कळतो, लाइनमनचं काहीही कळत नाही. पॅड चढतात ते कॅम्पमध्ये. आणि प्रीसीझनच्या सामन्यात कोच आपले डाव झाकून ठेवतात. ब्लिट्झ (जास्तीची माणसं धाडणं) कमी, स्टंट (डिफेन्सने आपसात जागा बदलून घुसणं) कमी, सगळं साधं सरळ. म्हणजे गार्डसमोर एक माणूस, आणि गार्डला लपायला जागा नाही. तंत्र बघायला याहून चांगली वेळ कुठली?

मी मूळचा कोल्हापूरचा, तालमीत वाढलो. इथे ओहायोत एका शाळेच्या टीमला लाइन शिकवायला मदत करतो, त्याला बरीच वर्षं झाली. खडाखडी चालू असताना वस्ताद आम्हाला समोरच्याच्या तोंडाकडे बघू द्यायचे नाहीत. कंबर बघ, पाय बघ, हात तुला फसवतील, म्हणायचे. लाइनमन बघताना मी अजून तेच करतो. कुस्तीचं आणि या कामाचं नातं इथल्या कोचनाही चांगलं ठाऊक आहे. पॅट्रियट्सचा गार्ड स्टीफन नील कॉलेजात फुटबॉलचा एकही सामना खेळला नव्हता. तो १९९९ चा फ्रीस्टाइल जगज्जेता पैलवान. टॅम्पा बेचा ट्रिस्टन वर्फ्स हायस्कूलमध्ये आयोवाचा राज्य विजेता होता.

आता बघायचं कसं. एका ड्राइव्हला (टीमकडे चेंडू असेपर्यंतच्या सलग प्लेंना) एकच माणूस धरा. बाकी सगळं सोडून द्या, टचडाउन झालं तरी. रेकॉर्ड करून बघत असाल तर स्नॅपपासूनचं दीड सेकंद पुन्हा पुन्हा फिरवा. लाइनमनची निम्मी गोष्ट तिथेच संपते.

स्नॅपच्या आधी, समोरचा कुठे उभा आहे ते बघा. सेंटरच्या नाकासमोर तो झीरो टेक्निक, गार्डच्या बरोबर समोर तो दोन, गार्डच्या बाहेरच्या खांद्यावर तीन, गार्डपलीकडे उभ्या असलेल्या टॅकलच्या बाहेरच्या खांद्यावर पाच. या आकड्यांची पद्धत बम फिलिप्स या टेक्ससच्या कोचच्या नावावर सांगतात. तुमच्या मुलाच्या रोजच्या डोकेदुखीचं नाव 'तीन टेक्निक'. गार्ड आणि टॅकलच्या मधल्या फटीतून तो घुसतो, आणि तिथे गार्डला सहसा मदत नसते.

पासच्या वेळी टॅकल मागे सरकतो, बाहेरचा पाय आधी आणि आतला पाठोपाठ. त्याच्या टाचा एकमेकींना लागल्या की समजायचं, आता धक्का आला तर हा उभा राहणार नाही. गार्डला इतकं सरकायला जागाच नसते. त्याचं पाऊल छोटं, जमिनीला घासून जाणारं हवं. पाऊल उचलून टाकलं की तेवढा क्षण तो एका पायावर असतो आणि समोरचा नेमका तेव्हाच घुसतो. मग गुडघे बघा. वाकायचं ते गुडघ्यात, कमरेत नाही. कमरेत वाकलेल्या गार्डचं डोकं पुढे येतं, वजन पायाच्या बोटांवर जातं, आणि समोरचा नुसता त्याचा हात खाली झटकतो की हा तोंडावर पडतो. टीव्हीवर हे दृश्य दिसलं की समालोचक म्हणतो, 'काय जबरदस्त मूव्ह!' खरं तर गार्ड आधीच पडायला निघालेला असतो.

हात सगळ्यात शेवटी बघा. कोपरं बरगड्यांशी, अंगठे वर, पंजे समोरच्याच्या छातीच्या पाटीवर आत. हात बाहेरून खांद्याला गेले की जर्सी ताणली जाते, आणि होल्डिंगचे दहा यार्ड तिथूनच जातात. चांगला गार्ड दोन्ही हात एकदम फेकत नाही. एक आधी, दुसरा राखून. समोरच्याने पहिला हात झटकला तरी दुसरा जाग्यावर असतो.

आणि एक गोष्ट जी मला स्वतःला सगळ्यात जास्त सांगून जाते. गार्डसमोर कुणीच आलं नाही तेव्हा तो काय करतो? डिफेन्सचे चारच आले तर पाचांपैकी एक मोकळा राहतोच. कच्चा गार्ड पुतळ्यासारखा उभा राहून मागे वळून क्वार्टरबॅककडे बघतो. पक्का गार्ड डावी-उजवीकडे मान फिरवतो, सेंटर झगडत असेल तर त्याच्या माणसाच्या बरगडीत खांदा घालतो, आणि हे करताना एक डोळा उशिरा येणाऱ्या लाइनबॅकरवर (डिफेन्सच्या दुसऱ्या फळीतल्या खेळाडूवर) ठेवतो. हे कुठल्याही आकडेवारीत येत नाही. प्रीसीझनमध्ये मात्र दर ड्राइव्हला दिसतं.

रनच्या (चेंडू घेऊन पळण्याच्या) वेळी थोडक्यात बघा. खांदे कुणाचे खाली, आणि धडक झाल्यावर पाय चालू राहिले की थांबले. दोघं मिळून एकाला ढकलत असतील तर त्यांच्या कमरा चिकटलेल्या हव्यात. मध्ये उजेड दिसला की तो डिफेंडर त्यातून निघणार.

चौथा_डाउन:

गडी यांचं लिहिणं नेहमीप्रमाणे उत्तम, पण एका मुद्द्यावर माझं ठाम वेगळं मत आहे. पाच माणसांची लाइन म्हणजे पाच वेगळी माणसं नव्हेत. समोरच्या डिफेन्सच्या टॅकल आणि एंडने जागा बदलून स्टंट केला की गार्ड आणि टॅकलने आपापली माणसं एकमेकांच्या हवाली करायची असतात, न बोलता, अर्ध्या सेकंदात. हे ऑगस्टमध्ये दिसतच नाही. कारण एक तर समोरचे स्टंट करत नाहीत, आणि दुसरं, सीझनमध्ये एकत्र खेळणारे पाच जण प्रीसीझनला जेमतेम एकदोन ड्राइव्ह एकत्र असतात. शिवाय उत्तरार्धात ज्याला तो सहज अडवतोय तो समोरचा आठवड्याभरात टीममधूनच जाणार असतो. २०२३ पासून टीममधल्या ९० खेळाडूंचे थेट ५३ एकाच दिवशी करतात. चौथ्या क्वार्टरमध्ये मैदानावर असलेल्यांपैकी कित्येकांची नावं त्या दिवशी कटतात.

पेनी सूएलचंच घ्या. २०२१ मध्ये लायन्सने त्याला ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) सातव्या क्रमांकावर निवडलं. कॉलेजात तो डावा टॅकल, इथे उजवीकडे लावला. प्रीसीझनमध्ये तो अडखळत होता आणि लोक घाबरले होते. पुढे २०२३ आणि २०२४, दोन्ही वर्षी तो फर्स्ट टीम ऑल-प्रो, म्हणजे लीगमधल्या आपल्या जागेवरच्या सर्वोत्तमांत. तंत्र बघून त्या ऑगस्टमध्ये काय निष्कर्ष निघाला असता?

नोव्हीची_आई:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री गडीदादांनी सांगितल्याप्रमाणे एकच गार्ड धरून बघितला आणि पहिल्यांदा मला पाय दिसले. मुलगा तर सोफ्यावरून उठून उभाच राहिला.

अजून एक विचारते. परवा त्याचा सराव बघायला गेले होते. तिथे एकास एक असा प्रकार घेतात, एक गार्ड आणि एक डिफेंडर, मागे क्वार्टरबॅकच्या जागी एक उभा डमी. माझा मुलगा बहुतेक वेळा हरत होता. कोच मात्र काही बोलले नाहीत, नुसतं वहीत लिहीत होते. मला तिथे बसवेना. हे हरणं किती गंभीर धरायचं?

तालमीतला_गडी:

ताई, तो खेळच डिफेंडरच्या बाजूने झुकलेला असतो. त्याला रन येण्याची भीती नाही, सगळं मैदान मोकळं, हवं तिकडून वळसा घ्यायचा. गार्डला शेजारी सेंटर नाही, टॅकल नाही. एनएफएलच्या (व्यावसायिक लीगच्या) कॅम्पमध्येसुद्धा चांगले चांगले गार्ड यात सर्रास हरताना दिसतात. तो किती वेळा हरला हे मोजू नका, कसा हरला ते बघा. दर वेळी एकाच बाजूने हरत असेल तर पावलाचा दोष आहे, आणि तो दुरुस्त होतो. कधी आतून, कधी बाहेरून, कधी धक्क्याने हरत असेल तर तो अजून अंदाजाने खेळतोय. आणि हरल्यावर दुसऱ्या क्षणाला काय केलं? बाजूने निसटलेल्या डिफेंडरच्या कमरेला लागून त्याला क्वार्टरबॅकच्या मागून लांब ढकलत नेला, तर तो प्ले खऱ्या सामन्यात वाचलेला असतो. वहीत बहुधा तेच लिहिलं जात असेल. बरेच कोच प्रत्येक स्नॅपला वेगवेगळे गुण देतात. योग्य माणूस धरला का, तंत्र बरोबर होतं का, शेवटपर्यंत लागून राहिला का. निकाल त्यातला एक भाग.

चौथा_डाउन, स्टंटबद्दल तुमचं मला पूर्ण मान्य आहे. पाचांची जुळणी ऑगस्टमध्ये जोखता येत नाही. पण सूएलच्या बाबतीत मी तुमच्याशी सहमत नाही. कॉलेजचा २०२० चा सीझन तो खेळलाच नव्हता, आणि डावीकडून उजवीकडे जाणं म्हणजे मागे सरकणारा पाय बदलणं, आधी जाणारा हात बदलणं. सगळं अंग उलटं शिकायचं. त्या सामन्यांत त्याची पावलं चुकत होती, पण पकडीत आल्यावर समोरचा त्याला हलवू शकत नव्हता. कंबर खाली, पाय रुंद. ते बघणारा घाबरला नसता.

याहून मोठं उदाहरण जॉर्डन मायलाटाचं. ऑस्ट्रेलियातला रग्बी लीगचा खेळाडू, २०१८ मध्ये फिलाडेल्फिया ईगल्सने त्याला ड्राफ्टच्या सातव्या फेरीत, २३३ व्या क्रमांकावर घेतलं. आयुष्यातला फुटबॉलचा पहिला सामना तो त्या प्रीसीझनमध्ये खेळला. कोच जेफ स्टाउटलंड यांनी त्याला अक्षरशः उभं राहण्यापासून शिकवलं. नियमित सीझनच्या सामन्यात उतरायला त्याला २०२० उजाडलं, तरी ईगल्सने त्याला सोडलं नाही. आणि २०२५ च्या फेब्रुवारीत तो सुपर बोल जिंकणाऱ्या टीमचा डावा टॅकल होता. २०१८ च्या ऑगस्टमध्ये त्याच्याकडे अनुभव शून्य होता. पाय आणि कंबर मात्र तेव्हाही दिसत होत्या.

तुम्ही उत्तरार्ध बघाल तेव्हा राखीव लाइनमनमध्ये एक गोष्ट शोधा. कोण दोन जागा खेळतोय? सामन्याच्या दिवशी आठ लाइनमन धरले तरच ४८ खेळाडू उतरवता येतात, नाहीतर ४७. म्हणजे पाच सुरुवातीचे आणि मागे बहुधा तीनच. त्या तिघांत गार्डही खेळेल आणि स्नॅपही करेल असा माणूस लागतोच. दुसऱ्या क्वार्टरला गार्ड असलेला मुलगा चौथ्या क्वार्टरला सेंटर म्हणून दिसला तर त्याच्यावर नजर ठेवा. टीमला त्याला ठेवायचं असण्याची शक्यता बरीच.

तुमच्या मुलालाही स्नॅप करायला शिकू द्या. घराच्या अंगणात, रोज थोडं. गार्डची जागा नाही मिळाली तरी कोचला सेंटर कमी पडतोच. आणि सराव बघायला जाल तेव्हा बाजूच्या बाकड्यावर बसू नका. एंड झोनच्या मागे, कुंपणाला लागून उभ्या राहा. बाजूने सगळी पाठमोरी गर्दी दिसते. मागून पावलं दिसतात, फटी दिसतात आणि तो मोकळा असताना मान फिरवतोय की नाही तेही दिसतं. शाळेचा कॅमेरा तिथेच उंचावर लावलेला असतो, त्याची क्लिप मुलाला मिळत असेल. मिळाली की इथे लिहा, त्याची कुठली पावलं चुकताहेत ते आपण मिळून बघू.