वेब स्टँडर्ड पाळून साइट बनवली तर धंद्याला खरंच फायदा होतो का?

लातूरचा_कोडर
नमस्कार मंडळी. लातूरात बसून वेबसाइटी बनवतो, बारा वर्षं झाली. परवा वसमतला एका हळदीच्या व्यापाऱ्याकडं गेल्तो, तिथून आल्यापासून हा विषय डोक्यात फिरायलाय, म्हणून लिहितो. जरा लांबंल.

त्यांची साइट जुनी, कुणीतरी मागं करून दिलेली. माल, भाव, पत्ता सगळं मराठीत, दिसायला झकास, पण कुठं, तर त्यांच्या पेढीवरच्या त्या एका जुन्या कॉम्प्युटरवर. कारण मजकूर युनिकोडमधे, म्हणजे कुठल्याही मशीनवर दिसणाऱ्या मराठीत, नव्हताच, पत्रिका छापायच्या जुन्या डीटीपी फॉन्टमधे टाइप करून चिकटवलेला, तो फॉन्ट त्या मशीनवर होता म्हणून तिथं मराठी दिसायचं. माझ्या मोबाइलवर उघडली तर हळकुंडाच्या फोटोखाली रोमन अक्षरं, स्वल्पविराम, कंस, डॉलरची खूण, सगळी खिचडी. काकांनी फोन हातात घेतला, चष्मा वर केला, पार डोळ्याजवळ नेला आन् म्हणले, "हे आपलंच हाय का?" इतकी वर्षं डोमेन आन् होस्टिंगचे पैसे न चुकता भरलेत त्यांनी. वसमत हळदीला २०२४ ला जीआय, म्हणजे त्या भागाचा माल म्हणून सरकारी ओळख, मिळाली, लोक नाव घेऊन शोधायलेत, आन् गूगलला त्यांच्या पानावर 'हळद' हा शब्द सापडत नाही कारण मशीनच्या लेखी तिथं तो शब्द नाहीच.

स्टँडर्ड म्हणजे काही फार मोठं प्रकरण नाही. टिम बर्नर्स-ली यांनी वेब बनवला आन् १९९४ ला डब्ल्यूथ्रीसी नावाची संस्था काढली, की एचटीएमएल (पानाचा सांगाडा), सीएसएस (त्याची सजावट) कसं लिहायचं ते सगळ्यांचं एकच ठरलेलं असावं, कोणत्याही कंपनीच्या ब्राउझरमधे पान उघडावं. युनिकोड हे तसंच अक्षरांचं ठरलेलं माप, देवनागरी त्याच्यात १९९१ पासून हाय. हेडिंगला हेडिंगचा टॅग (कोडमधली खूण), बटणाला बटणाचा, भावाच्या तक्त्याला टेबल, फोटोला ऑल्ट टेक्स्ट (फोटोत काय हाय ते शब्दांत), सजावट सगळी सीएसएसमधे वेगळी. एवढं पाळलं तर पान हलकं राहतं, गावाकडच्या रेंजमधे उघडतं, शोधात सापडतं आन् पाच वर्षांनी दुसऱ्या कुणाला दिलं तरी त्याला कळतं कुठं काय हाय. मला वाटतं हा सरळ पैशाचा फायदा हाय. तुमचं काय मत?

जालना_बियाणं_खतं
सर, राग मानू नका पण हे सगळं तुम्हा कोडवाल्यांचं कौतुक हाय. माझं दुकान २२ वर्षांचं. शेतकरी साइट बघून बियाणं घेत नाही, तो व्हॉट्सअॅपवर फोटो टाकतो, "हे हाय का, केवढ्याला," मी सांगतो, तो येतो. साइट म्हणजे मोठं व्हिजिटिंग कार्ड. मला एकानं आठ हजारात करून दिली, दुसरा स्टँडर्ड म्हणत पस्तीस मागत होता. वरच्या २७ हजारात माझ्या हातात काय जास्तीचं पडणार ते कुणी मला आकड्यात सांगितलंच नाही. गिऱ्हाइकाला आतला कोड दिसतो का? मग मी कामून पैसे घालू?

वाळूज_फ्रंटएंड
मीपण हेच काम करतो, संभाजीनगरला, आणि माझा विरोध धंद्याच्या बाजूने नाही, तांत्रिक बाजूने आहे. एचटीएमएल५ च्या स्पेसिफिकेशनमध्येच, म्हणजे नियमावलीतच, लिहून ठेवलंय की चुकलेला कोड ब्राउझरने कसा सावरून घ्यायचा. टॅग बंद करायचा राहिला तरी पान दिसतं. व्हॅलिडेटरमध्ये, म्हणजे कोडमधल्या चुका दाखवणाऱ्या साधनात, मोठमोठ्या साइट टाकून बघा, ढिगाने चुका निघतात आणि तरी त्या जोरात चालतात. कोड शंभर टक्के व्हॅलिड असला म्हणून रँकिंग वाढत नाही हे गूगलच्याच लोकांनी सांगितलेलं आहे. मग क्लायंटला 'स्टँडर्ड पाळलं की धंदा वाढेल' असं सांगणं मला प्रामाणिक वाटत नाही. मी क्लायंटला स्पीड विकतो, चांगले फोटो विकतो, स्टँडर्ड विकत नाही.

लातूरचा_कोडर
वाळूजवाले भाऊ, व्हॅलिडेटरचं मान्य. शून्य चुकांचा हिरवा पट्टा घेऊन काही होत नाही, मी सुरुवातीला दोन वर्षं त्याच्याच मागं होतो, त्यात वेळ घालवला, ते चुकलंच. पण न बंद केलेला टॅग ब्राउझर सावरून घेतो, फोटोत छापलेला भाव कोणता ब्राउझर सावरून घेणार? डिव्हला, म्हणजे नुसत्या कोऱ्या चौकटीला, बटणाचा रंग दिला म्हणून ते बटण होत नाही. अर्थ चुकला की दुरुस्ती मशीनच्या हातात नसती.

जालनेकर काका, आकडा मागितलात ते बरोबरच हाय. तुमच्या धंद्यात किती वाढंल हे मी छातीठोक सांगू शकत नाही, जो सांगंल त्याच्यावर इश्वास ठेवू नका. पण खर्चाचं सांगतो, ते माझ्या रोजच्या कामातलं हाय. आठ हजाराच्या साइटमधे फोन नंबर बदलायचा म्हणलं तर प्रत्येक पानावर वेगवेगळा लिहिलेला, कुठं फोटोत, कुठं फूटरमधे, रंग प्रत्येक ओळीत वेगळा कोंबलेला. असं काम माझ्याकडं आलं की मी दुरुस्ती नाहीच करत, नवीनच करा म्हणतो, कारण उसवून शिवण्यापेक्षा नवं शिवणं स्वस्त पडतं. म्हणजे आठ हजार तुम्ही दर दोन-तीन वर्षांनी भरणार.

नांदेडची_ताई
मी कोडवाली नाही. माझ्या धाकट्या भावाला दिसत नाही, तो फोनवर टॉकबॅक (स्क्रीनवरचं वाचून दाखवणारी सोय) लावून सगळं करतो, माझ्यापेक्षा फास्ट करतो. मागच्या वर्षी एका क्लासचा अॅडमिशन फॉर्म भरायला बसला. क्लासचं नाव घेत नाही. बोट सरकवलं की फोन बोलायचा, "एडिट बॉक्स." परत सरकवलं, "एडिट बॉक्स." परत, "एडिट बॉक्स." नाव कुठं, जन्मतारीख कुठं, काहीच नाही, कारण रकान्याच्या शेजारी जे शब्द दिसतात ते रकान्याला जोडलेलेच नव्हते. शेवटी सबमिटपाशी आला तर तिथं फोन गप्पच, ते बटणच नव्हतं म्हणे. पाऊण तास बसला आन् मग म्हणला जाऊ दे. दुसऱ्या क्लासचा फॉर्म दहा मिनिटांत एकट्यानं भरला आन् फी तिथंच गेली. त्याच्या बरोबरचे आणखी दोघंजणपण तिथंच गेले. आता हा धंद्याचा तोटा नाही तर काय?

वाळूज_फ्रंटएंड
ताई, हे ऐकून वाईट वाटलं, आणि हे चूकच आहे, लेबल जोडायला एक ओळ लागते. याबाबतीत माझं म्हणणं मागे घेतो. कायदाही इथे आहेच, २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे, आणि एप्रिल २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने डिजिटल सेवा वापरता येणं हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं म्हटलंय. अमेरिकेत टार्गेट या दुकानाच्या कंपनीला याच कारणावरून २००८ मध्ये ६० लाख डॉलर देऊन तडजोड करावी लागली होती. पण छोट्या दुकानदाराला कोर्टाची भीती घालून काम विकू नका एवढंच माझं म्हणणं.

मोंढा_नाका
माझा अनुभव टाकतो. आमचा पार्ट बनवायचा छोटा कारखाना. २००९ ला आम्ही साइट केली ती सगळीच्या सगळी फ्लॅशमधे (अॅडोब कंपनीचं हलती चित्रं दाखवायचं सॉफ्टवेअर), उघडली की मशीन फिरायची, ठिणग्या उडायच्या, पाहुणे आले की आम्ही कौतुकानं दाखवायचो. अॅडोबनं फ्लॅश ३१ डिसेंबर २०२० ला बंद केलं आन् १२ जानेवारीपासून तर चालायचंच थांबवलं. आम्हाला पत्ताच नाही. मार्चमधे पुण्याच्या एका पार्टीचा फोन आला, "तुमची कंपनी चालू आहे ना? साइटवर काहीच नाही." नुसता राखाडी चौकोन. किती जणांनी तो चौकोन बघून फोनच केला नसंल ते कसं कळणार. त्याच वर्षीची आमच्या शेजारच्याची साइट साध्या एचटीएमएलमधी होती, आम्ही तिला हसायचो. ती आजपण उघडते, मोबाइलवर जरा बारीक दिसते पण नंबर वाचता येतो, माल कळतो.

जालना_बियाणं_खतं
बरं, धरून चाललो की तुमचं खरं. पण मला कोडमधलं ओ की ठो कळत नाही. पस्तीस हजार घेऊन समोरच्यानं स्टँडर्ड पाळलं का नाही हे मी कसं ओळखू? मिस्त्रीनं सिमेंट किती घातलं हे भिंत बघून कळत नसतं.

लातूरचा_कोडर
लई चांगला प्रश्न, आन् तुम्हाला ओळखता येतं. तुमची साइट मोबाइलवर उघडा. भावावर बोट दाबून धरा, अक्षरं निळी होऊन कॉपी झाली तर मजकूर खरा, नाही झाली तर तो फोटो हाय. फोन नंबरवर टिचकी मारा, डायल उघडलं पाहिजे. फॉर्ममधे मोबाइल नंबरच्या रकान्यात गेलं की आकड्यांचा पॅड वर यावा, आख्खा कीबोर्ड नाही. आमच्या वडलांच्या फोनवर मराठी कीबोर्ड असतो, ते आकडे देवनागरीत टाकतात आन् फॉर्म लाल होऊन "चुकीचा नंबर" म्हणतो, म्हातारा माणूस तिथंच फोन ठेवून देतो. मग ताईंचा भाऊ करतो तसं टॉकबॅक चालू करून, डोळे मिटून एक ऑर्डर टाकून बघा. आन् गूगलमधे तुमच्या गावाचं नाव आन् मालाचं नाव मराठीत टाका. कोड बघायची गरजच नाही. पैसे द्यायच्या आधी हे करणाऱ्याच्या समोर बसून करा.

जालना_बियाणं_खतं
आत्ताच बघितलं. भावाचं पान बोटानं कॉपी होत नाही. दोन बोटांनी मोठं केलं तर फुटायलंय. नंबरला टिचकी मारली, काहीच नाही. मोबाइलवर दुकानाचं नाव मराठीत टाकलं तर आमच्या गल्लीतला दुसरा दुकानदार वर आला.
पस्तीसचं मला अजूनपण जास्तच वाटतं. पण सर, नुसतं भावाचं पान आन् नंबर नीट करून द्यायचं काय घ्याल?

लातूरचा_कोडर
भावाचा तक्ता मला व्हॉट्सअॅपवर टाका, पण फोटो नको, टाइप केलेला. बघून उद्या सांगतो.