१०० टक्क्यांवर अडकणारं अपलोड

प्रश्न असा आहे: एफटीपीने (सर्व्हरवर फाइल पाठवायची एक पद्धत) मोठी फाइल चढवली की ती १०० टक्क्यांवर अडकते आणि टाइमआउट येतो, म्हणजे उत्तराची वाट बघून प्रोग्रॅम थांबतो. त्यावर कुणी सुचवलेला ‘नेट स्लो आहे, प्लॅन बदला’ हा उपाय इथे चालणार नाही. फाइल १०० टक्के चढून मग टाइमआउट येतोय, म्हणजे वेगाचा प्रश्नच नाही. एफटीपीत कनेक्शन दोन असतात: पोर्ट २१ वर (पोर्ट म्हणजे सर्व्हरचं क्रमांक दिलेलं दार) नुसत्या कमांड, फाइल जाते दुसऱ्यावरून. तासभर फाइल चढत असताना पहिलं गप्प पडून असतं आणि मधला राउटर ते मेलं समजून त्याची नोंद पुसून टाकतो. मग सर्व्हरचं शेवटचं, २२६ क्रमांकाचं ‘पोचली’ हे उत्तर क्लायंटला (तुमच्याकडच्या एफटीपी प्रोग्रॅमला) मिळतच नाही. फाइल सर्व्हरवर बहुतेक पूर्ण असते, त्यामुळे पुन्हा चढवण्याआधी दोन्हीकडची साइझ बाइटमध्ये ताडून बघा (एमबीत नको, तिथे फरक लपतो).

एसएफटीपी (फाइल पाठवायची दुसरी, सुरक्षित पद्धत) मिळत असेल तर तेच वापरा, सगळं पोर्ट २२ वरच्या एकाच कनेक्शनमधून जातं.